बॅटलक्रूझर : वेगावर विसंबलेली युद्धनौका

पहिल्या महायुद्धात, ३१ मे १९१६ रोजी, उत्तर समुद्रातील जटलंडच्या लढाईत ब्रिटिश नौदलाच्या ‘इन्डिफॅटिगेबल’, ‘क्वीन मेरी’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’ या तीन बलाढ्य नौका सुमारे अडीच तासांच्या अवधीत स्फोट होऊन बुडाल्या. ३,३०० हून अधिक नौसैनिक मृत्युमुखी पडले. तिन्ही नौकांवरून वाचलेल्यांची एकूण संख्या तीसही भरत नाही. या तिन्ही नौका एकाच प्रकारच्या होत्या, तो प्रकार म्हणजे बॅटलक्रूझर.

या प्रकाराचे जनकत्व ब्रिटिश नौदलप्रमुख अॅडमिरल जॉन फिशर यांच्याकडे जाते. बॅटलशिपच्या तोफा आणि क्रूझरचा वेग एकाच नौकेत आणायचा, ही त्यांची कल्पना. अशी नौका शत्रूच्या क्रूझर गाठून बुडवील आणि बॅटलशिप दिसताच निसटून जाईल, असा हिशेब होता. १९०८ मध्ये तयार झालेल्या ‘इन्व्हिन्सिबल’वर १२ इंची आठ तोफा होत्या आणि वेग २५ नॉट. तिच्या आधीच्या ‘ड्रेडनॉट’ या बॅटलशिपचा वेग होता २१ नॉट. मात्र ‘ड्रेडनॉट’चे बाजूचे चिलखत ११ इंच जाडीचे, तर ‘इन्व्हिन्सिबल’चे अवघे सहा इंच! वेगाची किंमत चिलखताने मोजली गेली होती. ‘बॅटलक्रूझर’ हे नाव अधिकृतपणे रूढ झाले ते पुढे १९११ मध्ये.

प्रारंभी हा हिशेब बरोबर ठरला. ८ डिसेंबर १९१४ रोजी दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटांजवळ ‘इन्व्हिन्सिबल’ आणि ‘इन्फ्लेक्सिबल’ यांनी अॅडमिरल श्पे यांच्या ‘शार्नहोर्स्ट’ आणि ‘ग्नायझेनाउ’ या जर्मन क्रूझर पाठलाग करून बुडवल्या. या विजयानेच घात केला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. बॅटलक्रूझर ही आता बॅटलशिपच्या बरोबरीने आघाडीला उभी राहू लागली आणि तिच्याइतक्याच मोठ्या तोफा असलेल्या शत्रूशी तिची गाठ पडू लागली.

जटलंडच्या हानीचे खापर बराच काळ पातळ चिलखतावर फोडले गेले. मात्र ते अर्धेच कारण होते. गोळीबाराचा वेग वाढावा म्हणून ब्रिटिश नौकांवर दारूच्या कोठारांची दारे उघडी ठेवली जात आणि कॉर्डाइटच्या रेशमी पिशव्या तोफेच्या बुरुजापर्यंत रचून ठेवल्या जात. बुरुजावर गोळा पडला की ज्वाळा थेट कोठारात पोहोचत असे. ‘लायन’ ही ध्वजनौका मात्र बचावली. तिचे तोफखाना अधिकारी अलेक्झांडर ग्रँट यांनी शिस्तीचे जुने नियम आधीच पुन्हा लागू केले होते. शिवाय बुरुजावर गोळा पडताच मरणासन्न अवस्थेत मेजर फ्रान्सिस हार्वे यांनी कोठारात पाणी सोडण्याचा हुकूम दिला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

जर्मनांना हा धडा आदल्याच वर्षी मिळाला होता. जानेवारी १९१५ मध्ये डॉगर बँकच्या लढाईत ‘सायड्लिट्झ’चे दोन बुरुज जळून दीडशेहून अधिक सैनिक ठार झाले आणि त्यानंतर जर्मन नौकांवर खबरदारी वाढवण्यात आली. त्यांच्या दारूचा मुख्य भाग पितळी नळकांड्यांत असे, हाही फायदा होताच. जटलंडला जबर मार खाऊनही ‘सायड्लिट्झ’ हजारो टन पाण्यासह बंदरात परतली.

या मालिकेतील एका नौकेचा मुंबईशीही संबंध आला. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स ‘रिनाउन’ या बॅटलक्रूझरमधून मुंबईत उतरले. त्यांच्या स्वागतावरील बहिष्काराचे पर्यवसान त्या दिवशी शहरात दंगलीत झाले.

१९२२ च्या वॉशिंग्टन तहाने अवाढव्य नौकांच्या बांधणीला लगाम घातला. अमेरिकेने ‘लेक्झिंग्टन’ व ‘साराटोगा’ या अर्धवट बांधलेल्या बॅटलक्रूझरच्या विमानवाहू नौका केल्या. ब्रिटनचा अभिमान असलेली, ४० हजार टनांहून मोठी ‘हूड’ २४ मे १९४१ रोजी ‘बिस्मार्क’शी लढताना काही मिनिटांत बुडाली. १,४१८ जणांपैकी तिघेच वाचले. त्याच वर्षी १० डिसेंबरला मलायाच्या किनाऱ्यापाशी जपानी विमानांनी ‘रिपल्स’ बुडवली. विमानापुढे ३० नॉटचा वेग कोणत्याच कामाचा नव्हता.

जर्मनीने १९१४ मध्ये तुर्कस्तानच्या हवाली केलेली ‘गोबेन’ मात्र ‘यावूझ’ या नावाने दीर्घकाळ तुर्की नौदलात राहिली. सत्तरच्या दशकात तीही भंगारात निघाली.