ईटीएच० गेलं कुठे?

समजा, उद्या ऑनलाइन परीक्षा आहे. आज हौसेने घरच्या डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड बसवलं, लिनक्स सुरू केलं, आणि नेट गायब! केबल जागेवर, राउटर चालू. नेटवर्क कार्ड बहुतेक ठणठणीत असतं. बदललेलं असतं त्याचं नाव.

पूर्वी लिनक्स कार्डांना सापडतील त्या क्रमाने नावं द्यायचं: ईटीएच०, ईटीएच१. दोन कार्डं असली की रीस्टार्टनंतर नावांची अदलाबदल व्हायची शक्यता. सर्व्हरवर तर हे महाधोक्याचं, कारण बाहेरच्या जगासाठी लिहिलेले फायरवॉलचे नियम आतल्या कार्डाला लागणार! मग युडेव्ह कार्डाचा मॅक पत्ता फाइलीत नोंदवून नाव पक्कं करू लागलं. पण कार्ड बदललं की नवं यायचं ईटीएच१ म्हणून, आणि सेटिंग बिचारं ईटीएच०ची वाट बघत बसलेलं.

जानेवारी २०१३ मध्ये आलेल्या सिस्टमडी १९७ ने कार्डाच्या जागेवरून नाव द्यायला सुरुवात केली. ईएनपी३एस० म्हणजे इथरनेट, पीसीआय बस ३, स्लॉट ०. या पद्धतीचं नाव काय, तर 'प्रेडिक्टेबल'! पण दुसरं कार्ड बसवलं की बसचे आकडे सरकू शकतात, ३ चे ४ होतात. आली का पंचाईत?

तर आधी टर्मिनलमध्ये 'आयपी लिंक' चालवा. नवं नाव दिसलं तर सेटिंगच्या फाइलीत तेच लिहा. फक्त 'एलओ' दिसलं तर 'एलएसपीसीआय' चालवून बघा. तिथे कार्ड असेल तर ड्रायव्हर तपासा. तिथेही नसेल तर बायोसमध्ये ते बंद तर नाही ना, ते बघा.