ताकाची सोय

गेल्या वर्षी एका शाळासोबत्याचा फोन आला. शाळेच्या कपाटात जुन्या शिक्षकांचे अकरा फोटो सापडले होते, पण एकाच्याही मागे नाव नव्हतं. 2004 साली शाळेच्या अमृतमहोत्सवानिमित्त मी शाळेचं एक छोटंसं संकेतस्थळ करून दिलं होतं. त्यात हेच फोटो एकामागून एक सरकत यायचे आणि खाली नाव, विषय, नोकरीची वर्षं दिसायची. "तुझ्याकडे असेल ना ते?" त्याने विचारलं.

माझ्याकडे नव्हतं. संकेतस्थळ केव्हाच बंद पडलं होतं. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर शोधल्यावर पान सापडलं, पण फोटोंची फाईल काही तिथे जपली गेली नव्हती. फोटोंच्या जागी मीच लिहिलेलं एक इंग्रजी वाक्य होतं. अर्थ असा, की हे पाहण्यासाठी फ्लॅश प्लेअर डाऊनलोड करा.

त्या वाक्याची जागा खरं तर त्या वाक्यासाठी नव्हतीच. ज्या वाचकाकडे फ्लॅश नाही, त्याला निदान काहीतरी मिळावं म्हणून ती राखलेली होती. दुधाची तहान ताकावर भागवायची, तर तिथे ताक ठेवायचं असतं. मी तिथे डेअरीचा पत्ता लिहून ठेवला होता. असं करणारा मी एकटा नव्हतो, आणि हा घोळ फ्लॅशच्याही आधीपासूनचा आहे.

25 फेब्रुवारी 1993 रोजी मार्क अँड्रीसन या इलिनॉय विद्यापीठातल्या तरुणाने वेबवर काम करणाऱ्यांपुढे एक प्रस्ताव ठेवला: पानात चित्र दाखवण्यासाठी एक नवा टॅग असावा. तोवर वेब म्हणजे मुख्यतः मजकूर. प्रस्तावावर चर्चा झाली, इतरांनी अधिक व्यापक पर्याय सुचवले, पण अँड्रीसन आणि त्याचे सहकारी बनवत असलेल्या मोझेक ब्राउझरमध्ये तो टॅग आला आणि तोच रुळला. या टॅगला सुरुवात असते, शेवट नसतो; त्यामुळे त्याच्या पोटात काही ठेवता येत नाही. चित्र दिसलं तर दिसलं.

ज्यांना चित्र दिसणारच नव्हतं, असे वाचक तेव्हाही होते. कॅन्सस विद्यापीठात 1992 साली तयार झालेला लिंक्स हा ब्राउझर फक्त अक्षरं दाखवायचा, आणि तो वापरणारे बरेच होते. त्यांच्यासाठी चित्राच्या टॅगला 'आल्ट' नावाची पुरवणी जोडली गेली: चित्राऐवजी वाचायचे चार शब्द. 1995 सालच्या एचटीएमएल 2.0 मध्ये ती होती, पण ऐच्छिक. त्याच सुमारास डेव्ह रॅगेट यांनी दुसरा टॅग सुचवला होता. त्याला पोट होतं. चित्र दाखवता आलं नाही, तर आतला मजकूर दाखवायचा. मग त्यात परिच्छेद असोत, यादी असो, दुवे असोत. हा टॅग एचटीएमएल 3.0 च्या मसुद्यात होता. मसुद्याची मुदत संपली आणि टॅगही गेला.

पुढच्या सगळ्या गोष्टीचा गाभा या दोन टॅगांत आहे. एका पद्धतीत न पाहू शकणारा वाचक नंतर आठवतो आणि त्याच्यासाठी ठिगळ लावलं जातं. दुसरीत त्याची जागा मुळातच राखलेली असते.

1996 साली नेटस्केप नॅव्हिगेटरची दुसरी आवृत्ती प्लग-इनची सोय घेऊन आली. ब्राउझरला जे येत नाही, ते दुसऱ्या कंपनीचा छोटा प्रोग्रॅम त्याच्या पोटात बसून करणार. पीडीएफ, आवाज, चलचित्र, काहीही. त्यासाठी नेटस्केपने 'एम्बेड' हा टॅग काढला. त्यालाही पोट नव्हतं, म्हणून सोबत 'नोएम्बेड' नावाचा वेगळा टॅग दिला.

गंमत अशी, की 'नोएम्बेड'मधला मजकूर दिसायचा तो ज्या ब्राउझरला 'एम्बेड' म्हणजे काय हेच माहीत नाही त्यात. ज्याला ते माहीत आहे, पण हवं ते प्लग-इन बसवलेलं नाही, तो ब्राउझर हा मजकूर गिळून टाकायचा आणि कोड्याच्या तुकड्याचं चित्र दाखवायचा. म्हणजे प्लग-इन नसलेल्या ज्या वाचकाला त्या मजकुराची खरी गरज होती, नेमका त्यालाच तो मिळत नसे.

ही चूक सुधारायचा मोठा प्रयत्न डिसेंबर 1997 मध्ये एचटीएमएल 4.0 या प्रमाणाने केला. त्यात 'ऑब्जेक्ट' हा टॅग होता, आणि त्याला पोट होतं. प्रमाणात दिलेलं उदाहरण आजही वाचावंसं वाटतं. विषय आहे अवकाशातून दिसणारी पृथ्वी. सर्वांत बाहेर पायथन भाषेत लिहिलेला एक प्रोग्रॅम, मंगळावरच्या एका काल्पनिक पत्त्यावरून येणारा. तो चालला नाही तर आत चलचित्र. तेही जमलं नाही तर त्याच्या आत स्थिर चित्र. आणि सगळ्यांत आत साधं वाक्य: अवकाशातून दिसणारी पृथ्वी. कांद्याचे पापुद्रे सोलत जावं तसा ब्राउझर एकेक पायरी उतरतो, पण रिकाम्या हाताने परत जात नाही.

कागदावर हे छान होतं. प्रत्यक्षात मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर एकात एक ठेवलेल्या ऑब्जेक्टमध्ये घोळ घालायचा, आणि नेटस्केपच्या घराण्याला 'एम्बेड'ची सवय झाली होती. म्हणून लोक एकाच फ्लॅश फाईलसाठी दोन्ही टॅग लिहीत, एकाच्या पोटात दुसरा. राखीव जागेत वाचकासाठी मजकूर नव्हता. प्रतिस्पर्धी ब्राउझरसाठी तीच फाईल पुन्हा होती. नोव्हेंबर 2002 मध्ये ड्र्यू मॅक्लेलन यांनी 'अ लिस्ट अपार्ट' या नियतकालिकात 'फ्लॅश साते' नावाची युक्ती मांडली. 'एम्बेड' काढून टाकायचा, एकच 'ऑब्जेक्ट' ठेवायचा, आणि त्याचं पोट पुन्हा पर्यायी मजकुरासाठी मोकळं करायचं.

पुढचा धक्का न्यायालयातून आला. पानात परका प्रोग्रॅम बसवून चालवण्याच्या तंत्रावर कॅलिफोर्निया विद्यापीठाचं पेटंट होतं; 1998 साली मिळालेलं आणि इओलास या छोट्या कंपनीच्या हाती असलेलं. ऑगस्ट 2003 मध्ये ज्यूरीने मायक्रोसॉफ्टला सुमारे 52 कोटी डॉलर भरायला सांगितले. पेटंटला वळसा घालण्यासाठी 2006 साली इंटरनेट एक्सप्लोररमध्ये बदल झाला. पानातल्या प्रत्येक फ्लॅश तुकड्यावर, तो वापरण्यापूर्वी, एकदा क्लिक करणं भाग पडलं. पण टॅग पानात थेट न लिहिता बाहेरच्या जावास्क्रिप्टने घातला, तर हा जाच टळत असे. मग जो तो स्क्रिप्टकडे वळला. मायक्रोसॉफ्ट आणि इओलासचा समझोता 2007 मध्ये झाला. 2012 साली टेक्सासमधल्या ज्यूरीने ती पेटंटं अवैध ठरवली, आणि त्या खटल्यात साक्ष द्यायला स्वतः टिम बर्नर्स-ली गेले होते.

या भांडणातून एक चांगली गोष्ट निघाली. जेफ स्टर्न्स यांचं 'एसडब्ल्यूएफ-ऑब्जेक्ट' आणि बॉबी व्हान डर स्लाउस यांचं 'यूएफओ' या स्क्रिप्टांनी क्रमच उलटा केला. पानात आधी साधा मजकूर लिहायचा. स्क्रिप्ट पाहणार, की वाचकाकडे फ्लॅश आहे का, हवी ती आवृत्ती आहे का. असेल तरच मजकुराच्या जागी फ्लॅश येणार. पुढे दोघांचं काम एकत्र आलं. आता ताक आधी वाढलेलं असणार होतं, दूध आलं तर पेला बदलायचा. तंत्राची म्हणून जी अडचण होती, ती इथे संपली.

तरी बहुतेकांनी तिथे काय लिहिलं? फ्लॅश डाऊनलोड करा.

याचं कारण मला एका आकड्यात दिसतं. इंटरनेट जोडलेल्या संगणकांपैकी 99 टक्के संगणकांवर फ्लॅश आहे, असा अडोबीचा दावा असे. (वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी ऑक्टोबर 2000 मधल्या लेखाच्या मथळ्यातच फ्लॅश 99 टक्के वाईट असल्याचं म्हटलं होतं, टक्केवारीपुरतं दोघांचं एकमत होतं.) उरलेल्या एका टक्क्यासाठी कोण राबणार? त्यातही हा एक टक्का म्हणजे मागे राहिलेले, आज ना उद्या प्लग-इन घेतीलच असे लोक, अशी समजूत होती. तहान कशाची आहे हे कोणी विचारत नव्हतं. भांडं कुठे मिळेल ते सांगितलं जात होतं.

पण कधीच न पाहू शकणारे वाचकही होते. सिडनी ऑलिंपिकच्या संकेतस्थळावर चित्रांना पर्यायी मजकूर नाही, म्हणून ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने 1999 साली ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. ऑगस्ट 2000 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. संयोजकांनी आदेश पुरता पाळला नाही, तेव्हा आयोगाने त्यांना 20,000 ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यायला लावली. फ्लॅशच्या बाबतीत अंध वाचकांची कोंडी आणखी वेगळी होती. त्यांच्या संगणकावर प्लग-इन बहुधा असायचंच. स्क्रिप्ट तपासायची, प्लग-इन सापडायचं, आणि वाचता येणारा मजकूर काढून न वाचता येणारा फ्लॅश तिथे बसवायची. तपासणी यंत्राची होत होती, माणसाची नव्हे.

जानेवारी 2010 मध्ये स्टीव्ह जॉब्ज रंगमंचावर आयपॅड दाखवत होते. न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर एका जागी प्लग-इन नसल्याची निळी खूण सगळ्यांना दिसली. आयफोनवर फ्लॅश नव्हताच. आता आयपॅडवरही नव्हता, आणि एप्रिलमध्ये जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून तो येणार नसल्याचं स्पष्ट केलं. मागे राहिलेला मानलेला तो एक टक्का बाजारातलं महागडं यंत्र हातात घेऊन उभा होता. मग मात्र पर्यायी मजकुराची घाई सुरू झाली.

जुलै 2017 मध्ये अडोबीने फ्लॅशच्या अंताची तारीख जाहीर केली: 31 डिसेंबर 2020. 12 जानेवारी 2021 पासून प्लेअरने स्वतःच फाईली चालवणं बंद केलं. साडेतीन वर्षांची सूचना होती, तरी दक्षिण आफ्रिकेच्या करखात्याचे काही अर्ज फ्लॅशवरच अडकलेले होते. त्या खात्याने जानेवारी 2021 मध्ये चक्क स्वतःचा ब्राउझर काढला, केवळ ते अर्ज भरता यावेत म्हणून. इंटरनेट अर्काइव्हने रफल या मुक्त प्रोग्रॅमच्या साहाय्याने जुनी फ्लॅश चलचित्रं आणि खेळ पुन्हा चालते केले. पण त्यासाठी मूळ फाईल कोणीतरी जपलेली असावी लागते.

त्या दिवसापासून प्लग-इन नसलेला वाचक म्हणजे जगातला प्रत्येक वाचक. एका टक्क्यासाठी राखलेली जागा शंभर टक्क्यांची झाली. तिथे ज्यांनी खरा मजकूर लिहिला होता, त्यांची पानं अजून बोलतात. ज्यांनी 'डाऊनलोड करा' लिहिलं, त्यांच्या पानांवर आता डाऊनलोडही होत नाही.

माझ्या बाजूने एक सबब सांगतो, कारण ती मराठीची आहे. 2004 साली मराठी नावं पानावर साध्या मजकुरात लिहिणं सोपं नव्हतं. युनिकोड देवनागरी विंडोज 2000 पासून होती, पण शाळेच्या संगणकावर विंडोज 98 होतं, आणि एक्सपीमध्येही सीडी घालून भारतीय भाषांची सोय चालू करावी लागे. मराठी संकेतस्थळं आपापल्या फॉन्टमध्ये छापली जात. तो फॉन्ट नसेल, तर वाचकाला रोमन अक्षरांची खिचडी दिसे. 'फॉन्ट डाऊनलोड करा' हा दुवा आमच्या पिढीने प्लग-इनच्या दुव्याइतकाच पाहिलाय. फ्लॅशमध्ये मात्र अक्षरांचे आकारच फाईलमध्ये भरून देता येत. जोडाक्षरं कुठेही तुटत नसत. म्हणून मी शिक्षकांची नावं फ्लॅशमध्ये ठेवली. ती सगळ्यांना नीट दिसावीत म्हणून!

सबब खरी आहे, पण पुरी नाही. तीच अकरा नावं मला रोमन लिपीत त्या राखीव जागेत लिहिता आली असती. दहा मिनिटांचं काम होतं. मला ते सुचलं नाही, कारण माझ्या डोळ्यांसमोर फ्लॅश असलेलाच वाचक होता. आज व्हिडिओच्या टॅगलाही पोट आहे, आणि त्यात 'तुमचा ब्राउझर व्हिडिओ दाखवू शकत नाही' हे उसनं वाक्य चिकटवून लोक पुढे जातात. व्हिडिओत काय होतं, ते तिथेही कोणी लिहीत नाही.

सोबत्याने आणि मी फोनवर बसून, आणखी चौघांना विचारून, अकरापैकी नऊ नावं जुळवली. चित्रकलेच्या बाई आणि एक हेडसर राहिलेत. नऊ नावं मी साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहून शाळेला पाठवली, आणि फोटोंच्या मागे पेन्सिलनेही लिहायला सांगितली.