सापाच्या पुढ्यात काय ठेवलं?

मंडळी, बिद्री म्हटलं की दूधगंगा-वेदगंगा कारखाना आणि ऊस. ऊस आला की उंदीर आला, उंदरामागं धामण आणि नाग आले. मोकळ्या सापाच्या जेवणाची काळजी आपल्याला नसते. माणसानं त्याला पेटीत घातलं की मग प्रश्न सुरू होतो.

गारुड्यानं पुढ्यात दूध ठेवलं. सापाला दूध पचत नाही. पण बरेच दिवस तहानलेला ठेवला, तर नाग समोरचं ओलं काहीही तोंडाला लावतो. त्याला आपण भक्ती समजलो! आपल्याच जिल्ह्यात, चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीच्या शाळेत बाबूराव टक्केकरांनी खरे साप दाखवून असले गैरसमज काढायला घेतले, तेही नागपंचमीच्या निमित्तानं.

दूध सुटलं, पण मग जिवंत उंदीर आला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1849 साली सापांचं वेगळं दालन झालं. तिथं जिवंत ससे, कबुतरं सापांपुढं सोडायचे, त्यावरून त्या शतकातच वाद पेटला. वाद सशाच्या बाजूनं होता. सापाची बाजू मला लहानपणी कळली. आम्ही पोरांनी पत्र्याच्या डब्यात धामण ठेवली आणि वर उंदीर सोडला. सकाळी बघतो तर उंदीर ठणठणीत, आणि धामणीची पाठ कुरतडलेली. भूक नसलेला साप उंदराला काही करत नाही, उंदीर मात्र गप्प बसत नाही.

आता गोठवलेला उंदीर देतात. सापाला शिकार जिवंतच लागते असं नाही. तो जीभ बाहेर काढून वास टिपतो, आणि अजगर किंवा आपल्या आंबोलीकडचा चापडा यांना ऊबही जाणवते. म्हणून उंदीर रात्रभर फ्रीजमध्ये वितळवायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात कोमट करायचा आणि लांब चिमट्यानं हलवत पुढं धरायचा. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतो, फुटतोही.

हे सगळं परदेशातल्या आपल्या घरांत, बॉल पायथन पाळणाऱ्यांसाठी. इथं नाग-धामण घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. सापडला तर वनखात्याला कळवा, खाऊ घालत बसू नका.

मागून एकानं विचारलंय, "मेलेला खाल्लाच नाही तर?" थांबायचं. आठवड्यानं परत द्यायचा. धडधाकट मोठा अजगर कित्येक आठवडे उपाशी राहतो, त्यासाठी जिवंत उंदीर आणायला धावायचं कारण नाही. आणि वितळलेला उंदीर परत गोठवायचा नाही, पुरून टाकायचा.