१९६२ च्या युद्धापूर्वीचे लष्करी इशारे : एक चिकित्सा

प्रस्तावना

२० ऑक्टोबर १९६२ रोजी पहाटे नेफातील नामका चू नदीच्या काठी चिनी सैन्याने हल्ला केला आणि भारताची सातवी इन्फन्ट्री ब्रिगेड काही तासांतच मोडून पडली. महिनाभराने, २१ नोव्हेंबरला, चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. अधिकृत आकडेवारीनुसार तोवर भारताचे १,३८३ सैनिक मृत्युमुखी पडले होते, १,६९६ बेपत्ता होते आणि ३,९६८ युद्धकैदी झाले होते.

या पराभवाची मीमांसा करताना कधी चीनच्या विश्वासघातावर, तर कधी पंडित नेहरूंच्या भाबडेपणावर भर दिला जातो. या दोन्ही मांडण्यांमागे एक समान गृहीतक आहे, ते म्हणजे हा आघात अनपेक्षित होता. उपलब्ध साधने मात्र निराळे सांगतात. काय घडेल, हे लेखी स्वरूपात आणि वेळेवर सांगितले गेले होते. तो इशारा निर्णयापर्यंत का पोहोचला नाही, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

थोरातांचे टिपण

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे मूळचे कोल्हापूरकडचे. दुसऱ्या महायुद्धात आराकानच्या आघाडीवर ५१ व्या ब्रिगेडमधील तीन पलटणींचे नेतृत्व थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन या तीन भारतीय अधिकाऱ्यांकडे होते. पुढील इतिहासाने या तिघांना किती भिन्न भूमिका दिल्या, हे पाहण्यासारखे आहे. थिमय्या लष्करप्रमुख झाले. थोरात १९५७ ते १९६१ या काळात लखनौ येथील पूर्व विभागाचे प्रमुख होते. आणि १९६२ साली त्याच पूर्व विभागाच्या प्रमुखपदावरून सेन यांना ते हुकूम खाली पाठवावे लागले, ज्यांच्या परिणामांविषयी थोरातांनी आधीच लिहून ठेवले होते.

ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजू येथे चकमक झाली आणि नेफाच्या संरक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला. ८ ऑक्टोबर १९५९ रोजी थोरातांनी या विषयावरील आपले टिपण लष्करी मुख्यालयाकडे पाठविले. त्यातील विचार साधा आणि भूगोलाला धरून होता. मॅकमोहन रेषेवरच उभे राहून निर्णायक लढाई देणे शक्य नाही. तेथील चौक्या शत्रूच्या आगमनाची खबर देण्यापुरत्या ठेवाव्यात. खरी संरक्षण फळी मात्र मागे, बोमदिला व त्यासारख्या ठिकाणी असावी, जेथे आपली रसद पोहोचते आणि शत्रूची रसद ताणली जाते. त्यासाठी सैन्य, रस्ते व साधने किती अपुरी आहेत, याचाही हिशेब थोरातांनी मांडला होता. थिमय्या त्याच्याशी सहमत होते आणि त्यांनी ते संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याकडे पाठविले. थोरातांच्या कथनानुसार मेनन यांनी ते निष्कारण घबराट पसरविणारे ठरविले, कारण चीनचा प्रश्न आपण मुत्सद्देगिरीने हाताळू असा त्यांना विश्वास होता.

मार्च १९६० मध्ये थोरातांनी लखनौ येथे ‘लाल किल्ला’ नावाचा युद्धसराव घेतला. असलेल्या सैन्यबळावर नेफाचे रक्षण करता येणार नाही, हाच निष्कर्ष त्यातूनही निघाला. १९६१ च्या मे महिन्यात थिमय्या निवृत्त झाले. त्यांनी आपल्या जागी थोरातांची शिफारस केली होती. परंतु सेवाज्येष्ठतेत किंचित वर असलेले जनरल पी. एन. थापर यांची नियुक्ती झाली. थोरातही त्याच सुमारास निवृत्त होऊन गेले. इशाऱ्याचा कागद दप्तरात राहिला, पण तो पुन्हा वर काढू शकेल असा माणूस दिल्लीत उरला नाही.

साधनांविषयी येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. थोरातांचे आत्मचरित्र १९८६ साली प्रसिद्ध झाले. नेहरू १९६४ मध्ये आणि मेनन १९७४ मध्ये निवर्तले होते. त्यामुळे ऑक्टोबर १९६२ मध्ये नेहरूंनी थोरातांना बोलावून हे टिपण आपल्याला का दाखविले गेले नाही असे विचारले, आणि त्याचे उत्तर मेनन यांच्याकडेच मिळेल असे थोरातांनी सांगितले, या प्रसंगाला थोरातांच्याच कथनाचा आधार आहे. टिपण आणि सराव यांचे अस्तित्व मात्र त्या संवादावर अवलंबून नाही.

कोणत्या तज्ज्ञाचे ऐकले गेले?

राज्यकर्त्यांनी तज्ज्ञांचे ऐकले नाही, असे विधान येथे सरसकट करता येत नाही. ऐकले गेले, पण निवडून ऐकले गेले. गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख बी. एन. मलिक यांचे अनुमान असे होते की, जेथे भारतीय चौकी आधीच उभी आहे तेथे चिनी सैन्य बळाचा वापर करणार नाही. हे अनुमान सोयीचे होते. २ नोव्हेंबर १९६१ च्या बैठकीत चौक्या पुढे नेण्याचे धोरण ठरले, ते याच गृहीतकावर. त्या निर्णयात पुढील चौक्यांच्या पाठीशी रसद पुरविता येईल अशा जागी मोठे सैन्य उभे करावे, अशीही एक सूचना होती. डिसेंबरमध्ये लष्करी मुख्यालयाने विभागांना आदेश पाठविले तेव्हा नेमकी तीच सूचना गळली. ही चूक राजकारण्यांची नव्हती, हे नमूद केले पाहिजे. लष्करी मुख्यालयातील चीफ ऑफ जनरल स्टाफ या पदावर तेव्हा बी. एम. कौल होते आणि त्यांची पंतप्रधानांशी जवळीक सर्वश्रुत होती.

तरीही इशारे थांबले नाहीत. पश्चिम विभागाचे प्रमुख दौलत सिंग यांनी ऑगस्ट १९६२ मध्ये मुख्यालयाला लिहिले की, राजकीय उद्दिष्ट हे हाती असलेल्या लष्करी साधनांशी जुळते असले पाहिजे, अन्यथा आजवर गमावले त्याहून अधिक गमावण्याची पाळी येईल. पूर्वेकडे ३३ व्या कोअरचे प्रमुख उमराव सिंग यांनी थागला कड्यावरून चिन्यांना हुसकावण्यासाठी किती सैन्य, किती तोफा व किती दिवसांची रसद लागेल, याचा हिशेब करून ती मोहीम सद्यःस्थितीत अशक्य असल्याचे कळविले. परिणाम इतकाच झाला की, नेफाची जबाबदारी त्यांच्याकडून काढून घेण्यात आली आणि ऑक्टोबरच्या आरंभी नवी चौथी कोअर स्थापून ती कौल यांच्या हाती देण्यात आली.

२२ सप्टेंबर १९६२ ची बैठक या संदर्भात विशेष अभ्यासण्याजोगी आहे. नेहरू राष्ट्रकुल परिषदेसाठी लंडनला होते आणि मेनन न्यूयॉर्कला. चीन लडाखमध्ये प्रत्युत्तर देईल अशी शंका थापर यांनी मांडली. लडाखमधील एकदोन चौक्या जाण्यापलीकडे फारसे काही घडणार नाही, असे परराष्ट्र सचिवांचे मत पडले. तेव्हा थापर यांनी लेखी आदेश मागितला आणि तो मिळाला. तयारी होताच चिन्यांना हुसकावून लावावे, अशा आशयाच्या त्या कागदावर सही होती संरक्षण मंत्रालयातील सहसचिव एच. सी. सरीन यांची. एका महासत्तेशी युद्ध ओढवू शकेल असा हा आदेश. लष्करप्रमुखाची शंका येथे इशारा राहिली नाही, ती स्वतःच्या बचावाची नोंद झाली. शंका खरी वाटत असेल तर राजीनाम्याचा मार्ग होता. पण १९५९ साली थिमय्यांनी राजीनामा देऊन परत घेतला तेव्हा संसदेत त्यांची झालेली शोभा थापर विसरले असतील असे वाटत नाही.

इशारा स्वीकारण्याची किंमत

थोरातांची योजना स्वीकारणे राजकीयदृष्ट्या सोपे नव्हते, हेही मान्य करावे लागते. तिचा अर्थ असा होता की, युद्ध झाल्यास सीमेलगतचा मोठा पट्टा प्रारंभी शत्रूच्या हाती जाऊ द्यायचा. सप्टेंबर १९५९ मध्ये चीनबरोबरचा पत्रव्यवहार श्वेतपत्रिकेच्या रूपाने संसदेपुढे आल्यानंतर इंचभरही भूमी न सोडण्याची भाषा सर्वच पक्षांच्या तोंडी होती. माघारीची फळी हे शहाणपण नकाशावर कळते, सभागृहात ते पराभवासारखे ऐकू येते. १२ ऑक्टोबर १९६२ रोजी सिलोनला निघताना नेहरूंनी विमानतळावर वार्ताहरांना आपला प्रदेश मोकळा करण्याचा आदेश सैन्याला दिल्याचे सांगितले, ते या वातावरणातच. दोनच दिवसांपूर्वी, १० तारखेस, सेंग जाँग येथील चकमकीत ही मोहीम आवाक्याबाहेरची असल्याचे खुद्द कौल यांनाही उमगले होते.

त्या वेळी नामका चूवर ब्रिगेडियर जॉन दळवी यांच्या जवानांजवळ बर्फाळ उंचीला पुरे पडतील असे कपडे नव्हते. दळवींनी ‘हिमालयन ब्लंडर’ (१९६९) या ग्रंथात नोंदविल्याप्रमाणे माणशी पन्नास गोळ्या होत्या. रस्ता तवांगपाशी संपत होता. विमानातून टाकलेल्या सामानापैकी बरेचसे दऱ्यांत जाऊन पडे.

चौकशीची कक्षा

नोव्हेंबर १९६२ मध्ये मेनन मंत्रिमंडळाबाहेर पडले आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, या शब्दांत मराठी मनाने त्या घटनेचे स्वागत केले. चव्हाणांच्या कारकिर्दीत लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स व ब्रिगेडियर प्रेमिंद्र भगत यांनी पराभवाची लष्करी चौकशी केली. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी संसदेत तिचा गोषवारा मांडला. सरकारने सैन्याला दिलेले निर्देश हे सैन्याचा आकार व साधनसामग्री यांच्याशी सुसंगत असावयास हवेत, असे त्यांनी त्यात सांगितले. दौलत सिंग यांनी वर्षभरापूर्वी लिहिले होते ते जवळपास हेच.

पूर्ण अहवाल सरकारने प्रसिद्ध केलेला नाही. त्याचा एक भाग २०१४ साली पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी महाजालावर खुला केला. त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. चौकशी अधिकाऱ्यांना लष्करी मुख्यालयाच्या कामकाजात शिरण्याची मुभा नव्हती, मग मंत्रालय तर दूरच राहिले. थोरातांचे १९५९ चे टिपण थिमय्यांच्या कार्यालयातून निघून पुढे कोणत्या मेजावर थांबले, हा प्रश्न त्या चौकशीच्या कक्षेतच येत नव्हता.