समुद्रापर्यंतचे तिकीट

मुंबईचा नकाशा समोर ठेवून एकदा नीट पाहा. तिन्ही बाजूंनी पाणी आहे हे खरे, पण आगगाडीचे रूळ सरळ दक्षिणोत्तर गेलेले. पश्चिम रेल्वेची लोकल मरीन लाइन्स आणि चर्नी रोडला समुद्राच्या जरा जवळून जाते, माहीम-वांद्र्याच्या मध्ये खाडीचे ओझरते दर्शन देते आणि मग जी आत वळते ती वळतेच. मध्य रेल्वेची तर गोष्टच सोडा. सांताक्रूझला उतरलेल्या माणसाला जुहू गाठायला आणखी तीन-चार किलोमीटर जावे लागते, मालाडला उतरलेल्याला मार्वे-अक्सा त्याहून लांब, बोरिवलीला उतरलेल्याला गोराईची खाडी. स्टेशन आणि समुद्र यांच्यामधले हे अंतर ज्यांच्याकडे मोटार होती ते मोटारीने कापत. बाकीच्या मुंबईकडे होती ती बस. मुंबईकरांच्या रविवारचा इतिहास लिहायचा झाला तर तो या तीन-चार किलोमीटरांचा इतिहास आहे असे माझे मत आहे.

पण सुरुवात घोड्यांपासून करायला हवी.

गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. त्यात आगगाडी आहे, पण ट्राम नाही, कारण ती यायला अजून अकरा वर्षे होती. ९ मे १८७४ रोजी घोड्यांनी ओढायची पहिली ट्राम कुलाबा ते पायधुणी या मार्गावर, क्रॉफर्ड मार्केटवरून, सुरू झाली. बोरीबंदर ते पायधुणी हा दुसरा मार्ग. भाडे तीन आणे, पुढे ते दोन आण्यांवर आले. आरंभी तिकीट असा प्रकारच नव्हता म्हणे, पैसे दिले की झाले. उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून घोड्यांच्या डोक्यावर टोप्या घालत असत. (ओढणाऱ्या प्राण्याच्या उन्हाची काळजी घेणारी ती कंपनी! आजच्या बसथांब्यांवर छप्पर शोधणाऱ्यांनी हे मुद्दाम वाचावे.)

मला या पहिल्या मार्गाची एक गंमत वाटते. कुलाबा हे एके काळी वेगळे बेट, १८३८ मध्ये बांध घालून ते मुंबईला जोडले. आणि पायधुणी म्हणजे, परंपरेने सांगतात त्याप्रमाणे, भरती ओसरल्यावर बेटांमधला चिखल तुडवून आलेली माणसे जिथे पाय धूत ती जागा. म्हणजे पहिल्या ट्रामच्या दोन्ही टोकांना पूर्वी समुद्रच होता. शहराने समुद्र बुजवला, त्यावर रस्ता केला, रस्त्यावर रूळ टाकले, आणि मग समुद्र पाहायला जायचे तर त्याच रुळांवरून दोन-तीन आणे देऊन जायचे!

१९०५ मध्ये ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ कंपनी स्थापन झाली. ‘बेस्ट’ या नावातला ‘टी’ तेव्हा ट्रामचा होता. १९०७ च्या मे महिन्यात विजेची ट्राम धावली, घोडे सुटले. १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. ट्राम ही खरोखर गरिबांची गाडी. हळू चाले, पण स्वस्त होती. दादरला आजही लोक ‘टीटी’ म्हणतात ते ‘ट्राम टर्मिनस’चे लघुरूप. कागदोपत्री ते खोदादाद सर्कल. ट्राम जाऊन साठ वर्षे उलटली, तरी ‘टीटीला उतरणार का?’ हा प्रश्न काही जात नाही.

मोटारबस आली ती १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. पुन्हा कुलाब्याकडचेच टोक. त्या वर्षाअखेर सहा लाख लोकांनी बसने प्रवास केला, आणि पुढच्या वर्षी अडतीस लाखांनी. आकडे मोठे दिसतात, पण सुरुवातीच्या काळात बस ही मुख्यतः वरच्या मध्यमवर्गाची, हापिसात जाणाऱ्यांची गाडी होती. गिरणी कामगार ट्रामने जाई किंवा पायी. १९३४ मध्ये बस शहराच्या उत्तर भागापर्यंत पोचली, १९३७ मध्ये डबलडेकर बस आली, आणि मग हळूहळू हा भेद मिटत गेला.

७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, ही कंपनी मुंबई महापालिकेच्या मालकीची झाली. त्या वेळी तिच्याकडे २३ मार्गांवर २४२ बसगाड्या होत्या. नावातल्या ‘टी’चा अर्थ ‘ट्रामवेज’ऐवजी ‘ट्रान्सपोर्ट’ झाला. झेंडा बदलला त्याच्या गोष्टी आपण वर्गात शिकवतो, ही मालकी बदलली त्याची गोष्ट कुणी शिकवत नाही. खरे तर सामान्य माणसाच्या रोजच्या आयुष्यात हाही लहान बदल नव्हता. बस कुठे न्यायची हे भागधारकांच्या नफ्याऐवजी नगरसेवकांच्या सभेत ठरू लागले. १९५० मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये महापालिकेची हद्द वाढली, दहिसर-मुलुंडपर्यंतची उपनगरे शहरात आली, आणि शहराबरोबर लाल बसही तिकडे गेली.

आणि तिथून सुरू होतो सहलींचा काळ.

तुम्हाला आठवत असतील ते क्रमांक. सांताक्रूझ स्टेशनहून जुहूला २३१. मालाड स्टेशनहून मार्व्याला २७२. बोरिवलीहून गोराई खाडीला २९४, पुढे होडीने पलीकडे. बोरिवलीच्या पूर्वेकडून कान्हेरीच्या लेण्यांना १८८. शंभरावर लेणी, बौद्ध भिक्षूंनी कित्येक शतके राहून कोरलेली, आणि तिथे पोचायला एक साधे बसचे तिकीट! गोरेगावच्या आरे वसाहतीतले ‘छोटा काश्मीर’ तर मराठी कुटुंबांचे हक्काचे माहेर होते. ही दूधवसाहत १९४९ मध्ये उभी राहिली ती शहराच्या चाळींतले गोठे बाहेर काढण्यासाठी. म्हशींसाठी केलेली हिरवळ पुढे माणसांच्या उपयोगी आली. दक्षिणेला हँगिंग गार्डन (म्हणजे खाली पाण्याची टाकी, वर बाग) आणि समोर कमला नेहरू पार्क, तिथला तो म्हातारीचा बूट. या बुटात शिरून फोटो काढला नाही असा माझ्या पिढीचा मुंबईकर मला अजून भेटायचा आहे.

वांद्र्याला जाताना माहीमचा कॉजवे लागतो, त्याच्याविषयी थोडे सांगायला हवे. १८४० च्या दशकात तो बांधायचा ठरला तेव्हा सरकारने पैसे देण्यात चालढकल केली. दीड लाखाहून अधिक रुपये दिले ते जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी, आणि अट घातली की या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. पुढे त्याच रस्त्याने सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेला बसा भरभरून जाऊ लागल्या. त्यात ख्रिस्ती तर असतच, पण नवसाच्या मेणबत्त्या घेतलेल्या आमच्या शेजारच्या आजीही असत.

बेस्टचे वर्षाचे पंचांगच वेगळे होते, अजूनही आहे. नवरात्रात महालक्ष्मीला जादा गाड्या, आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठलाकडे जादा गाड्या, गणपतीत रात्रभर जादा गाड्या, सहा डिसेंबरला चैत्यभूमीकडे जादा गाड्या. कुणाचा देव कुठे आणि कुणाचे श्रद्धास्थान कुठे, हे वाहतूक खात्याला पाठ. मुंबई सर्वांची आहे वगैरे भाषणे पुष्कळ ऐकली, पण मला ते वाक्य जादा गाड्यांच्या यादीत जास्त खरे वाटते.

बसच्या पाट्यांचेही मला कौतुक वाटते. पुढच्या पाटीवर क्रमांक मराठी अंकांत. किती परप्रांतीयांनी ४ आणि ५ यांतला फरक बसथांब्यावर उभे राहून शिकला असेल! एका अर्थाने आम्हा शिक्षकांचे काम लाल बसने फुकटात केले.

शिक्षकांचा विषय निघालाच आहे तर सांगते. १९८० च्या सुमारास मी पूर्व उपनगरातल्या एका शाळेत पाचवीला शिकवत असे. भूगोलाच्या तासाला ‘समुद्र कोणी कोणी पाहिला आहे?’ असे विचारले, तर चाळीसबेचाळीस मुलांत पंधरा हात वर झाले. मुंबईत जन्मलेली मुले! घर, शाळा, आईच्या कामाची घरे, एवढ्यातच त्यांची मुंबई संपत होती. खाजगी बस ठरवायची तर वर्गणी परवडणारी नव्हती. मग आधी लोकलने आणि पुढे मरीन ड्राइव्हवरून कमला नेहरू पार्ककडे जाणाऱ्या साध्या बसने मुलांना नेले. कंडक्टरने ती सगळी अर्धी तिकिटे एकेक करून पंच केली, टक् टक् टक्, आणि शेवटी हात झटकून म्हणाला, “बाई, पुढच्या खेपेला दोन गाड्यांत विभागून या हो.” परतताना चौपाटीला उतरलो. एक मुलगा पाण्याकडे पाहत बराच वेळ गप्प उभा होता. मग त्याने विचारले, “बाई, याच्या पलीकडे कुठला स्टॉप?” मी अरबस्तान, आफ्रिका वगैरे सांगितले. त्याला ते पटलेले दिसले नाही.

ट्राम त्याआधीच गेली होती. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली, आणि तिला निरोप द्यायला रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी होती. मध्यंतरी, १९६२ ते १९७१, ट्रॉलीबसही होऊन गेली, पण तिची फारशी आठवण कुणी काढत नाही, आणि मीही काढणार नाही.

डबलडेकरची मात्र काढावी लागेल. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत नऊशेच्या घरात डबलडेकर होत्या. मरीन ड्राइव्हवरून जाणाऱ्या १२३ मध्ये वरच्या मजल्यावरची अगदी पुढची जागा मिळाली की राणीचा रत्नहार पाहायला दुसरा मनोरा नको. लहान मुले त्या जागेसाठी भांडत, मोठी माणसे भांडत नसत, एवढेच. थांब्यावर बस येताना दिसली की त्यांचे पाय आपोआप जिन्याकडे वळत. पण दोन मजले म्हणजे दोन कंडक्टर, आणि रस्त्यावर एकामागून एक उड्डाणपूल. हिशेबाच्या वहीत ती गाडी बसेना. संख्या घटत घटत १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरीत ४१५ क्रमांकाच्या मार्गावर जुनी डबलडेकर शेवटची धावली, आणि लोकांनी तिला हारफुले घालून निरोप दिला. पाठोपाठ ऑक्टोबरात पर्यटकांची उघड्या छताची बसही बंद झाली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत विजेवरची वातानुकूलित डबलडेकर सुरू झाली होती. गाडी देखणी आहे, धूर नाही, आवाज नाही. खिडक्या मात्र बंद. समुद्र दिसतो, वारा लागत नाही.

इथे कुणी म्हणेल, म्हातारपणी सगळ्यांनाच जुने ते सोने वाटते. तसे नाही. जुन्या बसच्या खडखडाटाने माझी पाठ कैकदा दुखली आहे, आणि वातानुकूलित गाडीत मी आनंदाने बसते. माझी तक्रार वेगळी आहे, ती मोजण्याची आहे. २०१० च्या सुमारास बेस्टकडे चार हजारांहून अधिक गाड्या होत्या. आज कंत्राटदारांच्या भाड्याच्या गाड्या धरूनही ती संख्या तीन हजारांच्या खाली आहे, आणि तिच्या स्वतःच्या गाड्या त्यांत थोड्याच. २०१९ मध्ये किमान भाडे पाच रुपयांवर आणले होते, ते मे २०२५ मध्ये दहा रुपये झाले, वातानुकूलितचे सहाचे बारा. महागाईच्या मानाने दहा रुपये जास्त नाहीत हे मी मान्य करते. पण भाडे वाढले आणि गाड्या कमी झाल्या, या दोन गोष्टी एकत्र आल्या की पहिली मरते ती रविवारची सहल. हापिसाला जाणारा माणूस थांब्यावर पाऊण तास उभा राहील, कारण त्याला जावेच लागते. दोन लहान मुले, पाण्याची बाटली आणि पोळीभाजीचा डबा घेतलेली बाई अर्धा तास वाट पाहील आणि घरी परतेल.

२०२४ मध्ये किनारा मार्ग खुला होऊ लागला. इतका देखणा रस्ता मुंबईने पूर्वी पाहिला नव्हता. त्यावर दुचाकी आणि रिक्षांना मज्जाव आहे. म्हणजे शहराने पुन्हा एकदा समुद्रात भराव घातला, त्यावर रस्ता केला, पण या खेपेस तो प्रामुख्याने मोटारवाल्यांसाठी. घोड्याच्या ट्रामला निदान दोन आणे देऊन कुणालाही बसता येत होते.

जुन्या बस आणि ट्राम यांच्या प्रतिकृती, पूर्वीची तिकिटे, पंच, हे सगळे आणिक आगारातल्या बेस्टच्या संग्रहालयात ठेवले आहे. नातवंडांना घेऊन अवश्य जा. मात्र मोटारीने जाऊ नका. बसने जा, घरून निघताना जवळच्या थांब्यावर किती वेळ उभे राहावे लागले ते घड्याळात पाहा, आणि मला कळवा.