मुलींनीं काय शिकावें?

मुलींनीं शिकावें कीं नाहीं, या वादाचा इतिहास, श्रोतेहो, आपणांपैकीं बहुतेकांना ठाऊक आहे. त्याच्याच पोटांतून निघालेला दुसरा वाद मात्र फारसा कोणी आठवीत नाहीं. मुलींनीं काय शिकावें, हा तो वाद.

पुण्यास १८८४ सालीं महादेव गोविंद रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृतींनीं मुलींसाठीं हायस्कूल काढलें. तेंच पुढें 'हुजूरपागा' या नांवानें प्रसिद्धीस आलें. तेथील अभ्यासक्रमावर व शाळेच्या वेळेवर टिळकांच्या 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनीं टीका केली. मुलीला पुढें संसार सांभाळावयाचा आहे, तेव्हां शिक्षण त्यास अनुरूप असावें, हें त्या टीकेचें सार.

टीकाकारांनीं असें म्हणावें, यांत नवल नाहीं. नवल वाटतें तें हें कीं, स्त्रीशिक्षणासाठीं ज्यांनीं आयुष्य वेंचलें, त्यांनींही तेंच गृहीत धरलें. अण्णासाहेब कर्व्यांनीं जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचून १९१६ सालीं पुण्यास तशीच संस्था स्थापिली. मातृभाषेंतून उच्च शिक्षण देण्याचें त्यांचें धाडस मोठें; त्यायोगें अनेक स्त्रियांना विद्येचें दार उघडलें, यांत शंका नाहीं. परंतु तेथेंही गृहशास्त्र आवश्यक ठरलें आणि गणित ऐच्छिक!

स्वातंत्र्यानंतर हंसाबेन मेहता यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें, मुलगा कीं मुलगी हें पाहून अभ्यासक्रमांत भेद करूं नये, असा अभिप्राय दिला. कोठारी आयोगानें १९६६ सालीं त्यास पुष्टि दिली. गृहविज्ञान मुलींवर सक्तीचें नसावें, गणित व विज्ञान शिकण्यास त्यांना उत्तेजन द्यावें, असें आयोगानें सांगितलें. अर्धशतकानें क्रम उलटला.

तरी या साऱ्या चर्चेंत मुलग्यांनीं घरांतलें काय शिकावें, हें फारसें कोणी विचारलें नाहीं. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकांत स्त्री आणि पुरुष जोडीनें भाजी निवडीत बसलेलीं दाखविलीं. चित्र साधेंच, पण सव्वाशें वर्षांहून अधिक काळ मुलीच्याच पाटीवर असलेला प्रश्न त्यांत मुलाच्याही पाटीवर आला. आतां शाळा सुटून मुलें घरीं आलीं, म्हणजे भाजी निवडावयास आपण कोणाला हांक मारतों, हें ज्याचें त्यानें पाहावें.