एक्झॉस्ट हेडर

एक्झॉस्ट हेडर हा अंतर्ज्वलन इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधील निष्कास वायू स्वतंत्र नळीतून वाहून नेऊन पुढे एकत्र करणारा पोलादी नळ्यांचा संच आहे. कारखान्यात बसवलेल्या बिडाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जागी तो बसवला जातो. अमेरिकेत फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो यांसारख्या व्ही-८ पेट्रोल इंजिनाच्या पिकअप ट्रकांवर अन्य कंपन्यांनी तयार केलेले हेडर बसवण्याची पद्धत रूढ आहे.

रचना व कार्य

बिडाचा मॅनिफोल्ड स्वस्त, टिकाऊ आणि आवाज दाबणारा असतो. मात्र त्यात सर्व सिलिंडरांचे वायू एकाच अरुंद पोकळीत येतात. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरसाठी शक्यतो समान लांबीची वेगळी नळी असते व या नळ्या 'कलेक्टर' नावाच्या भागात मिळतात. एका सिलिंडरमधून वेगाने गेलेल्या वायूच्या लाटेमागे दाब क्षणभर कमी होतो आणि त्यामुळे दुसऱ्या सिलिंडरमध्ये उरलेले वायू ओढले जातात. या क्रियेस स्कॅव्हेंजिंग म्हणतात.

व्ही-८ इंजिनात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. शेव्हरोलेच्या ५.३ लिटर इंजिनाचा ज्वलनक्रम १-८-७-२-६-५-४-३ असा आहे. विषम क्रमांकाचे सिलिंडर एका बाजूस व सम क्रमांकाचे दुसऱ्या बाजूस असल्याने ३ नंतर १ आणि २ नंतर ६ हे एकाच बाजूचे सिलिंडर केवळ ९० अंशांच्या अंतराने पेटतात. आखूड मॅनिफोल्डमध्ये त्यांचे वायू परस्परांना अडथळा करतात. लांब स्वतंत्र नळ्यांमुळे हा अडथळा कमी होतो.

प्रकार

आखूड हेडर मूळ मॅनिफोल्डच्याच जागेत मावतात व पुढील नळीला तशाच जोडता येतात. त्यांचा लाभही मर्यादित असतो. लांब नळ्यांचे हेडर अधिक परिणामकारक असतात, परंतु त्यांसाठी बहुधा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची जागा बदलावी लागते. नळीचा व्यास साधारणतः ४१ ते ४८ मिमी असतो. अधिक जाड नळी इंजिनाच्या उच्च गतीस उपयुक्त असली, तरी कमी गतीवरील ओढ तिने घटू शकते. ओझे ओढणाऱ्या ट्रकासाठी ही ओढच महत्त्वाची असल्याने सर्वांत जाड नळी सर्वांत चांगली ठरते असे नाही.

बसवण्याची पद्धत

काम पूर्णपणे थंड इंजिनावर व बॅटरीची ऋण जोडणी काढून केले जाते. ट्रक जॅक स्टँडवर टेकवणे आवश्यक असते. नुसत्या जॅकवर उचललेल्या वाहनाखाली शिरणे जिवावर बेतू शकते. गंजलेल्या बोल्टांवर गंज सोडवणारे तेल आदल्या दिवशी सोडून ठेवतात. त्यानंतर ऑक्सिजन सेन्सर, स्पार्क प्लगच्या तारा आणि खालची नळी सोडवून जुना मॅनिफोल्ड काढला जातो. काही ट्रकांत स्टार्टर किंवा तेलमापन-पट्टीची नळीही बाजूस करावी लागते.

सिलिंडर हेडची बैठक स्वच्छ करून नवे गॅस्केट घालतात. सर्व बोल्ट प्रथम हाताने काही आटे फिरवून मगच टॉर्क पान्याने मधल्या बोल्टापासून कडांकडे टप्प्याटप्प्याने आवळतात. इंजिन एकदा तापून थंड झाल्यावर ते पुन्हा तपासणे इष्ट असते.

अडचणी

सर्वांत खर्चिक अडचण म्हणजे तुटलेले बोल्ट व स्टड. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे ॲल्युमिनियमच्या हेडवर बिडाचा मॅनिफोल्ड असल्यास वर्षानुवर्षांच्या ताणाने टोकाचे बोल्ट तुटतात. बाहेर उरलेल्या तुकड्यावर नट वेल्ड करून तो फिरवून काढणे, हा प्रचलित उपाय आहे.

सांध्यातून गळती राहिल्यास थंड इंजिन सुरू करताना टिकटिक असा आवाज येतो. गळतीतून आत ओढलेली हवा ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचल्यास त्याचे मापन चुकते व इंजिनास जादा इंधन दिले जाते. गळतीतील कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन विषारी वायू केबिनमध्ये शिरू शकतो. म्हणून गळतीकडे केवळ आवाजाचा दोष म्हणून पाहणे धोक्याचे आहे.

कायदेशीर बाजू

अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यानुसार उत्सर्जन-नियंत्रणाची साधने काढणे वा निकामी करणे निषिद्ध आहे. १९९० च्या दुरुस्तीने ही बंदी वाहनमालकांनाही लागू केली. कॅलिफोर्नियात रस्त्यावरील वाहनासाठी अशा हेडरला राज्याच्या हवा संसाधन मंडळाचा सूट-आदेश क्रमांक असावा लागतो. तो नसल्यास वाहन प्रदूषण-तपासणीत नापास होऊ शकते. कन्व्हर्टर काढल्यास १९९६ व त्यानंतरच्या वाहनांतील निदान-यंत्रणा सहसा पी०४२० हा दोषसंकेत दाखवते.

भारतातील व्यापारी पिकअप वाहने मुख्यतः टर्बोचार्जर असलेल्या डिझेल इंजिनाची असतात. त्यांत टर्बोचार्जर मॅनिफोल्डलाच जोडलेला असल्याने अशा हेडरांना फारसा वाव नाही. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणाऱ्या बदलांवर निर्बंध घालते; २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ नुसार विनापरवाना बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

हेही पाहा

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर
अंतर्ज्वलन इंजिन
टर्बोचार्जर